दाजी, युरिया आणि दोन मार्क

विश्वातली प्रत्येक गोष्ट अटळपणे अव्यवस्थेकडे निघालेली आहे, आणि मृत्यू हा त्या महाप्रवासातला केवळ एक थांबा आहे. हे वाक्य माझं नाही. आमच्या शिक्षणसंस्थेच्या सचिवांनी ते दाजींच्या शोकसभेत कागदावरून वाचून दाखवलं आणि सभागृहातल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. सचिव वाणिज्य शाखेचे आहेत. त्यांना कोणीतरी सांगितलं असणार, की कोळपे सर एन्ट्रॉपी फार छान शिकवायचे, आणि एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था. मी पहिल्या रांगेत ताईच्या शेजारी बसलो होतो. ताईनं पदराआडून हळूच विचारलं, "हे असं म्हणायचे का रे कधी?" मी म्हणालो, "ह्याच्या बरोब्बर उलट." "मग सांग की त्यांना." शोकसभेत उठून वक्त्याची चूक दुरुस्त करायची आपल्याकडे पद्धत नाही. दाजींनी मात्र केली असती. स्वतःच्या शोकसभेतसुद्धा केली असती, आणि नंतर चहाच्या वेळी सचिवांना कोपऱ्यात घेऊन पुन्हा एकदा समजावून सांगितलं असतं.

बातमी आली तेव्हा मी अकरावीच्या वर्गावर होतो. दाजी दौंडला राहायचे, मी शिरूरला. नोकरी दोघांचीही शिरूरच्या एकाच ज्युनियर कॉलेजात, ते रसायनशास्त्राला, मी मराठीला. त्या दिवशी त्यांचा पहिला तास बुडाला तेव्हा मी गृहीत धरलं की चौफुल्याला गाडी चुकली. दौंडहून एक एसटी, चौफुल्याला उतरून दुसरी, मग न्हावऱ्यावरून शिरूर... त्यांची अर्धी नोकरी त्या रस्त्यावर गेली. बारावी सायन्सची मुलं प्रयोगशाळेत बसून वाट बघत होती, त्यांचा गलका माझ्या वर्गापर्यंत येत होता, आणि ह्या गृहस्थांना शिरूरला दोन खोल्या घ्यायला काय झालं होतं, म्हणून मी मनातल्या मनात चरफडत होतो. तेवढ्यात शिपाई दारात आला. "सर, दौंडवरनं फोन हाय. तुमच्या ताईंच्या शेजारणीचा." कॉलेजला निघताना दाजी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले, ते उठलेच नाहीत. एका पायाची बांधून झाली होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दत्तात्रय कोळपे. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. कॅनॉलचं पाणी आलं तसे ते दौंडजवळ एका जागी स्थिरावले आणि ऊस करायला लागले. घरातले पहिले एम.एस्सी. दाजी. लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो, आणि नव्या नवरदेवानं मला पहिल्यांदा काय विचारलं असेल तर, "गरम चहा ठेवला की गार होतो. गार ठेवला तर गरम का होत नाही?" मी म्हणालो, "चूल पेटवली की होतो." ते खूश झाले. "म्हणजे बाहेरून काहीतरी करावं लागतं ना? बास. एवढंच आहे सगळं." त्या वेळी मला वाटलं, माणूस जरा विचित्र आहे. पुढे पंचवीसएक वर्षं त्यांच्या सहवासात काढल्यावर ह्या मतात मोठा बदल करावा लागला नाही. मी नोकरीला त्यांच्याच कॉलेजात लागलो, तरी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत ते मला "पाव्हणं" म्हणूनच हाक मारायचे. मी वैतागतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता 'अव्यवस्था' ह्या शब्दाचं. तो त्यांना सहन व्हायचा नाही. बहुतेक गाइडांमध्ये विस्कटलेल्या खोलीचं चित्र असतं आणि खाली लिहिलेलं असतं की एन्ट्रॉपी वाढली. ताईनंही एकदा त्यांच्या कपाटाकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "ही बघा तुमची एन्ट्रॉपी." त्यावर ते जेवता जेवता थांबले. "कपाट आपोआप विस्कटत नाही. मी विस्कटतो. त्याला एन्ट्रॉपी म्हणायचं नाही, त्याला दत्तात्रय म्हणायचं." त्यांचं म्हणणं साधं होतं. पदार्थातले कण आणि त्यांच्यातली ऊर्जा किती वेगवेगळ्या तऱ्हांनी वाटली जाऊ शकते, त्याचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. ज्या अवस्थेच्या तऱ्हा जास्त, ती आढळण्याची शक्यता जास्त. गोष्टी तिकडे जातात त्या कोणी ढकलतं म्हणून नव्हे; तिकडे जागा जास्त असतात म्हणून. आणि आपोआप म्हणजे लवकर, असंही नाही. कॉलेजचं लोखंडी फाटक दाखवून ते मुलांना सांगायचे, "हे आपोआप गंजतंय. पण त्याला घाई नाही. तुमच्या पोरांच्या ॲडमिशनला याल तेव्हाही गंजतच असेल."

हे सगळं फळ्यावर चालू राहिलं असतं आणि कोणाचंच काही बिघडलं नसतं. बिघडलं ते निमोण्याच्या एका लग्नात. माझ्या चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न होतं, भर मे महिन्यात, आणि शिरूरहून येणारा बर्फ आलाच नाही. पाहुण्यांसाठी आणलेल्या थंड्याच्या बाटल्या उन्हात चहासारख्या तापल्या होत्या. जावई म्हणून दाजींना फेटा बांधून पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. थोड्या वेळानं पाहतो तर खुर्ची रिकामी. शोधत मांडवामागे गेलो, तर फेट्यासकट दाजी एका लोखंडी टाकीत कोपरापर्यंत हात बुडवून उभे, आणि माझे चुलते किसनआप्पा त्यांना मागे ओढतायत.

"पाव्हणं, हात काढा, खताचं पाणी हाय ते!"

"आप्पा, हे एवढं गार कसं झालं?"

"युरिया वतलाय न्हवं पोत्यानं. बाटल्या ठिवल्यात गार व्हायला."

"पण युरिया टाकल्यावर गार का होतं?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. पोरगी दिलीय ती नीट चौकशी करून दिलीय ना, असा त्या नजरेचा अर्थ होता. "आवो, युरिया थंडच असतोय. सुपर फास्फेट गरम, युरिया थंड. तुमी शिकल्याली मान्सं, तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

"पोतं हाताला थंड लागतं का?"

"पोतं कशाला थंड लागंल? गोदामात तापून निघतंय."

"मग थंडपणा आला कुठून?"

"आतमदनं," आप्पा म्हणाले, आणि विषय संपवून अक्षता वाटायला गेले. आमच्याकडे आंबा गरम, ताक थंड, मटण गरम, सब्जा थंड. त्याच हिशेबानं खतांचीही वाटणी झालेली आहे आणि तीत कोणाला शंका नाही. दाजींनी मंगलाष्टका उभ्यानं ऐकल्या, पण डोळे टाकीकडे होते. जेवताना त्यांनी बाटली गालाला लावून पाहिली. "पाव्हणं, मी इतकी वर्षं हे फळ्यावर लिहितोय. ह्यांनी त्यात बाटल्या ठेवल्या."

त्या वर्षापासून ते बारावीच्या वर्गात स्टीलच्या डब्यातून युरिया न्यायला लागले. मुलं निम्मी-अधिक शेतकऱ्यांची, ती लगेच ओरडायची, "माहितीय सर, थंड असतो!" दाजी एका मुलाला पुढे बोलवायचे. थर्मामीटर युरियात खुपसायला लावायचे. बाहेर जेवढं तापमान तेवढंच. मग पाण्यात. तिथंही तेवढंच. मग दोन्ही एकत्र करून ढवळायला लावायचे आणि पारा भराभर खाली यायचा, काचपात्र हातात धरवेना इतकं गार व्हायचं. "दोघंही साधे. मग थंडी कुणाच्या घरातली?" मग ते सांगायचे, की युरियाच्या दाण्यात कण एकमेकांना धरून ठरलेल्या जागी बसलेले असतात. ते सुटे करायला उष्णता लागते आणि ती पाण्यातूनच घेतली जाते, म्हणून पाणी गार पडतं. तरीही हे आपोआप घडतं. चूल पेटवावी लागत नाही, मागे लागावं लागत नाही. कारण पाण्यात पसरल्यावर त्या कणांना असण्याच्या तऱ्हा इतक्या वाढतात, की उष्णता खेचून घ्यावी लागली तरी एकूण गोळाबेरीज त्याच दिशेला झुकते. म्हणजे जे आपोआप घडतं ते उष्णता बाहेर टाकूनच घडतं, ही समजूत चुकीची. उष्णतेकडे बघायचं, एन्ट्रॉपीकडेही बघायचं, आणि तापमान किती आहे तेही बघायचं. मी मराठीचा माणूस, पण शेजारच्या वर्गातून इतक्यांदा ऐकलंय की आता मलाही हा धडा घेता येईल.

आणि मग ती सराव परीक्षा आली. आमच्या संस्थेची कॉलेजं बऱ्याच तालुक्यांत आहेत आणि जानेवारीत सगळ्यांची मिळून एकच सराव परीक्षा होते. पेपर मुख्य कचेरीतली विषय समिती काढते, आदर्श उत्तरंही तीच ठरवते, आणि पेपर तपासायला एका कॉलेजचे दुसऱ्या कॉलेजला जातात. ह्या परीक्षेत जी मुलं वर येतात त्यांना पुण्याला वसतिगृहात ठेवून मेडिकल-इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी फुकट करून घेतात. शिरूर तालुक्यातल्या मुलाला दुसरा रस्ता जवळजवळ नव्हताच. त्या वर्षी रसायनाच्या पेपरात विधान होतं: उष्णता शोषणारी प्रक्रिया आपोआप घडू शकत नाही. ट्रू की फॉल्स ते सांगा आणि कारण द्या. दोन मार्क. समितीचं आदर्श उत्तर होतं ट्रू.

निमोण्याची मनीषा म्हणून मुलगी होती, वडील रांजणगावला कंपनीत. वर्गात पुढे येऊन थर्मामीटर धरणारी तीच. तिनं फॉल्स लिहिलं, कारण लिहिलं आणि वर युरियाचं उदाहरण दिलं. तपासणाऱ्यानं त्यावर लाल फुली मारली. ते दोन मार्क मिळाले असते तर मनीषा पुण्याच्या बॅचमध्ये होती. ते गेले आणि तिची जागा दुसऱ्या कॉलेजातल्या मुलाला मिळाली.

दाजी त्या दिवशी स्टाफरूममध्ये एका जागी बसेनात. आमचे तेव्हाचे प्राचार्य म्हणाले, लेखी द्या. दाजींनी लेखी दिलं. समितीचं उत्तर आलं, की शनिवारी येऊन म्हणणं मांडावं. मला बरोबर घेतलं ते युरियाची पिशवी धरायला. पुण्यापर्यंत एसटीत ती माझ्या मांडीवर होती आणि शेजारचे गृहस्थ सारखे विचारत होते की साखर एवढ्या मोठ्या दाण्याची कुठं मिळाली.

समितीचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त प्राचार्य, अत्यंत सौम्य, बोलताना डोळे मिटणारे. सुरुवातीला त्यांनी एन्ट्रॉपीवर चार शब्द सांगितले. "असं बघा कोळपे सर, मेंढवाड्यातून मेंढ्या सोडल्या की कशा चहूकडे पांगतात..." दाजींना राहवलं नाही. "सर, मेंढ्या पांगत नाहीत. एकीच्या मागं एक जातात. शेळ्या पांगतात. आमच्या वडिलांची मेंढरं होती." अध्यक्षांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. मी टेबलाखालून दाजींचा पाय दाबला, पण ते शेळ्यांवर आणखी एक वाक्य बोललेच.

मग प्रयोग झाला. दाजींनी पात्र मांडलं, थर्मामीटर फिरवला, सगळ्यांना आधी युरिया आणि पाणी वेगवेगळं चाचपायला लावलं, मग मिसळलं. पारा उतरला. प्रत्येक सदस्यानं पात्राला हात लावून पाहिला. एकानं कपाळाला लावलं. "वा! वा!" झालं. कोणीतरी आतून कारकुनांना बोलावलं, त्यांनीही हात लावले. दाजींच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या मुलाच्या बारशालाही पाहिला नव्हता. "म्हणजे सर, उष्णता शोषली, आणि आपोआप घडलं. म्हणजे उत्तर फॉल्स."

"अगदी," अध्यक्ष म्हणाले. "गार झालं हे आम्हा सर्वांना मान्य आहे."

"मग त्या मुलीचे दोन मार्क?"

अध्यक्ष फार प्रेमानं हसले. "तुमचं उत्तर बरोबर आहे असं आपण धरून चालू. पण आदर्श उत्तर हे आदर्श उत्तर असतं, सर. पेपर तपासून झाले. याद्या लागल्या. आता ते उलट कसं फिरवायचं?"

"बाहेरून काम केलं तर फिरतं, सर. तुम्ही सही करायची."

त्यावर टेबलाभोवती जरा कुजबुज झाली. एक सदस्य उठून बाहेर गेले आणि शाल-श्रीफळ घेऊन आले. कचेरीत कुठल्याशा कार्यक्रमातून उरलेली असावी. ग्रामीण भागातल्या शिक्षकानं स्थानिक साहित्यातून तयार केलेल्या अभिनव शैक्षणिक साधनाबद्दल समितीनं दाजींचा तिथल्या तिथे सत्कार केला. टाळ्या झाल्या. फोटो निघाला. मार्क तसेच राहिले.

परतीच्या गाडीत दाजींनी शाल घडी न घालता मांडीवर टाकली होती. गाडी कोरेगाव भीमाला आली. थंडीचे दिवस, खिडकीची काच बंद होत नव्हती. मी म्हणालो, "पांघरून तरी घ्या, दाजी." ते उसळले. "मला शाल नको, दोन मार्क पाहिजेत! आणि माझ्यासाठी नकोत, पाव्हणं. मी तिला सांगितलं म्हणून तिनं तसं लिहिलं. गाइड वाचून गेली असती तर आज पुण्यात असती." मी एक मार्ग सुचवला. आमच्या भागातले एक संचालक होते, कारखान्याच्या राजकारणातले, त्यांच्या एका फोनवर संस्थेत भिंती सरकतात. दाजी म्हणाले, "पुढाऱ्याला सांगून उत्तर बरोबर करून घेतलं, तर उद्या दुसरा पुढारी सांगून ते चूक करून घेईल. मग रसायनशास्त्र कशाला शिकवायचं, ग्रामपंचायतीत ठराव करू." हे बोलायला उत्तम होतं. मनीषाच्या कामाला आलं नाही.

पुढच्या आठवड्यात एकदा कॉलेज सुटता सुटता मनीषाचे वडील आले, पहिली पाळी संपवून, कंपनीच्या गणवेशातच. भांडायला आले नव्हते. हात जोडून म्हणाले, "सर, राग मानू नका. खरं काय ते तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. पोरास्नी मार्काचं सांगा."

"मग मी कशाला पाहिजे? गाइड आहे की."

"गाइड विंग्रजीत हाय, सर. ते समजून सांगाया तुमी."

दाजी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले.

समितीकडे प्रश्नांचा एक साठा असतो, त्यातूनच फिरून फिरून प्रश्न येतात. हाही बहुतेक वर्षी यायचा. दाजी दर वर्षी लेखी द्यायचे. दर वर्षी पोच यायची. वर्गात त्यांनी एक पद्धत पाडली: डिसेंबरात, युरियाचा प्रयोग झाला की फळ्याचे दोन भाग करायचे. एकीकडे खरं उत्तर, दुसरीकडे संस्थेचं उत्तर. "दोन्ही समजून घ्या. परीक्षेत काय लिहायचं ते ज्याचं त्यानं ठरवा." शहाणी मुलं ट्रू लिहून मार्क घ्यायची. दोघं-तिघं हट्टी निघायची, फॉल्स लिहायची आणि फुली घेऊन यायची. त्या दोघा-तिघांवर दाजींचा कोण जीव! मला ह्याचा मनस्वी संताप यायचा. मी त्यांना स्पष्ट म्हटलं होतं, "तुमचं आणि समितीचं भांडण आहे, ते तुम्ही सतरा वर्षांच्या पोरांना लढायला लावता." ते म्हणाले, "मग काय करू, खोटं शिकवू?" "शिकवूच नका. तेवढा प्रश्न गाळा." "प्रश्न मी काढतो का, पाव्हणं?" असं आमचं भांडण दर हिवाळ्यात व्हायचं आणि त्यात कधीही कोणी जिंकलं नाही. उपप्राचार्यपदासाठी त्यांचं नाव दोनदा निघालं, दोनदा मागे पडलं. मेंढ्यांचं वाक्य समितीत लक्षात राहिलं होतं. उष्णतेचं कोणाच्या लक्षात नव्हतं.

मनीषानं शिरूरलाच बी.एस्सी. केलं. आता रांजणगावच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे, लग्न झालंय, चांगलं चाललंय. दहाव्याला ती दौंडला आली होती. ताईजवळ बसून रडली आणि मग रडता रडताच हसली. "काकू, सर एसटी स्टँडवर भेटले की पहिलं तेच. तुझे दोन मार्क राहिलेत म्हणायचे. मी म्हणायचे, सर, माझं मस्त चाललंय, सोडा ना आता ते. तर म्हणायचे, तुझं मस्त चाललंय म्हणून उत्तर ट्रू होत नाही." ताई म्हणाली, "मलाही तेच ऐकवायचे गं. भाजी खारट झाली की सुद्धा."

दाजी गेले त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही शिरूरच्या स्टँडवर चहा प्यायलो. गाडीला उशीर होता. ते म्हणाले, "ह्या जानेवारीत परत जाऊ पुण्याला. नवीन सदस्य आलेत समितीत, ऐकतील." मी म्हणालो, "शाल ठेवायला घरात जागा आहे का अजून?" ते खळखळून हसले. "ह्या वेळची तुम्ही न्या, पाव्हणं. पिशवी तुम्हीच धरता." गाडी आली. खिडकीत बसल्यावर त्यांनी बोटानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही महत्त्वाचं असेल. म्हणाले, "युरिया संपलाय. किसनआप्पांना निरोप द्या." मी तो दिला नाही. दुसऱ्या दिवशी आप्पा दौंडला आले ते मातीला.

शोकसभा झाली आणि पुढच्याच आठवड्यात विषय समितीची बैठक भरली. हयातीत जे वर्षानुवर्षं झालं नव्हतं, ते त्या दिवशी चहा यायच्या आत झालं. अध्यक्षांनी स्वतः ठराव मांडला, की कैलासवासी कोळपे सरांच्या स्मृतीस अभिवादन म्हणून सदर प्रश्नाचे आदर्श उत्तर यापुढे फॉल्स असे धरण्यात यावे. एकमतानं मंजूर. अध्यक्षांनी मला घरी फोन केला. "सरांना हीच खरी श्रद्धांजली. तुम्हाला बरं वाटलं ना?" मी हो म्हणालो. फोन ठेवला. एवढं सोपं होतं तर... पण हे कोणावर चिडून म्हणायचं, तेच कळेना. जिवंत माणसानं बरोबर असणं ही तक्रार होते. मेल्यावर तिचा ठराव होतो. दाजी असते तर ह्यावरही भांडले असते, की उत्तर फॉल्स आहे ते माझ्या स्मृतीसाठी नव्हे, पाणी गार होतं म्हणून.

आमच्या कॉलेजनंही मागे राहायचं नाही असं ठरवलं. प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या ओट्यावर, जिथं ते काचपात्र मांडायचे, तिथं भिंतीवर त्यांचा मोठा फोटो लावला. त्याखाली ठरावातलं वाक्य सोनेरी अक्षरांत: 'उष्णता शोषणारी प्रक्रियाही आपोआप घडू शकते.' अनावरणाला सचिव आले होते. फोटोला घातलेला प्लॅस्टिकच्या फुलांचा हार जरा लांब निघाला. तो फोटोवरून खाली लोंबतो आणि सोनेरी ओळीवर नेमका पसरतो. मी तो दोनदा वर सारून ठेवला. पंखा लावला की पुन्हा खाली येतो.

दाजींच्या जागेवर एक नवीन सर तासिका तत्त्वावर घेतले आहेत. पोरगा मेहनती आहे, वर्ष अर्ध्यावर येऊन त्यानं सगळा पोर्शन पुरा केला. त्याला संस्थेच्या जुन्या, ठरावाच्या आधी छापलेल्या नोट्स मिळाल्या होत्या, त्या त्यानं बारावीच्या मुलांना त्याच प्रयोगशाळेत, त्याच फोटोखाली बसवून जशाच्या तशा उतरवून दिल्या. ठरावाची प्रत प्राचार्यांच्या टेबलावर होती, शोकसभेच्या फायलीत लावलेली. जानेवारीत सराव परीक्षा झाली. तो प्रश्न आला. पेपर बाहेरच्या कॉलेजात तपासून परत आले, आणि परीक्षा विभागाचं काम यंदा माझ्याकडे असल्यामुळे गठ्ठा मीच सोडला.

दाजी होते तेव्हा ह्या प्रश्नाला दर वर्षी दोघा-तिघांचे दोन मार्क जायचे. यंदा सगळ्या वर्गाचे गेले.